विरजण म्युनिकचं, बिअर कोपनहेगनची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे उतरवून काढलाय. जिथे जिथे अडखळले ते गाळलंय, बाकी बोललं तसंच ठेवलंय.

तर १८४५ साली तिशीतला एक डॅनिश माणूस म्युनिकहून कोपनहेगनला निघाला. अंतर साधारण हजार किलोमीटर. रेल्वे तेव्हा सगळीकडे पोचली नव्हती, त्यामुळे बराचसा प्रवास घोडागाडीचा. या माणसाकडे पत्र्याचे दोन डबे होते. असं सांगतात की ते त्याने हॅट ठेवायच्या खोक्यात जपून ठेवले होते, आणि घोडे बदलायला गाडी थांबली की हा गडी खाली उतरून पंपाचं गार पाणी त्या डब्यांवर सोडायचा. प्रत्येक थांब्यावर. बाकीच्या प्रवाशांनी काय विचार केला असेल देव जाणे.

डब्यात होता चिखलासारखा दिसणारा, बदामी रंगाचा साका. म्हणजे म्युनिकच्या श्पाटेन नावाच्या ब्रुअरीत बिअर तयार झाल्यावर पिंपाच्या तळाशी जे बसतं ते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा माणूस विरजण घेऊन चालला होता. त्याचं नाव याकोब क्रिस्टियान याकोबसेन. दोन वर्षांनी, १८४७ मधे, त्याने कोपनहेगनच्या बाहेर एका टेकडीवर नवी ब्रुअरी काढली. मुलाचं नाव कार्ल, टेकडीला डॅनिशमधे 'ब्येर्ग'. झालं कार्ल्सबर्ग.

बिअरच्या इतिहासावरची पुस्तकं हॉप्स, बार्ली, कर, राजे यांच्याबद्दल भरभरून बोलतात. मला मात्र या साक्याचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण बाकी सगळं नव्याने विकत आणता येतं. साका मात्र मागच्या वेळचाच लागतो, आणि तो मेला तर कुणाकडून तरी मागून आणावा लागतो.

आधी थोडं तंत्र सांगते, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. बार्लीला मोड आणून ती वाळवली की झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात ठेवलं की पाणी गोड होतं. ते हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की हे सगळं चालू असताना यीस्ट स्वतः वाढतं. घातलं त्याच्या तिपटीपासून पाचपटीपर्यंत शेवटी हातात येतं. त्यामुळे ज्याच्याकडे एकदा चांगलं यीस्ट आलं त्याच्याकडे पुढच्या खेपेला पुरून उरेल इतकं असतं. उरलेल्याचं काय करायचं हा खरा प्रश्न.

दह्याचंही तसंच की. वाटीभर दह्यातलं चमचाभर उद्याच्या विरजणाला, आणि शेजारच्या काकूंनी मागितलं तर त्यांना आणखी एक चमचा. विरजण दिल्याने आपल्याकडचं दही कमी होत नाही. उलट आपलं कधी नासलं तर परत आणायला एक घर तयार होतं. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्या बाईला यात लगेच बॅकअप दिसतो, आणि तोसुद्धा दुसऱ्या इमारतीत ठेवलेला, म्हणजे खरा बॅकअप.

युरोपात लोक हे फार पूर्वीपासून जाणून होते. इंग्लंडमधे नॉर्विच नावाचं शहर आहे. तिथल्या पंधराव्या शतकातल्या नोंदींमधे यीस्टला चक्क 'गॉड इज गुड' अशा अर्थाचं नाव आहे. ते देवाच्या कृपेने येतं, म्हणून बिअर करणाऱ्यांनी ते मागणाऱ्याला मोकळेपणाने द्यावं, अशी तिथली रीत होती. पाव भाजणारेही बिअरवाल्यांकडूनच यीस्ट नेत. हे नॉर्विच लक्षात ठेवा, शेवटी परत तिकडे जायचंय.

इथे एक लोकप्रिय गैरसमज. १५१६ साली बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी बिअर शुद्ध राहावी म्हणून नियम केला: बार्ली, हॉप्स आणि पाणी, एवढंच वापरायचं. त्यात यीस्टचं नाव नाही. मग सगळीकडे लिहिलेलं असतं की बिचाऱ्यांना यीस्ट माहीतच नव्हतं. अहो, माहीत कसं नसेल! रोज हाताने काढून दुसऱ्या पिंपात घालत होते की. ते सजीव आहे हे माहीत नव्हतं, एवढंच. मला वाटतं त्यांच्या हिशोबी तो विकत आणायचा जिन्नसच नव्हता. दह्याच्या कृतीत आपण 'दूध' लिहितो. विरजण घरात असतंच हे गृहीत धरलेलं असतं.

त्याच बव्हेरियात १५५३ साली आणखी एक नियम आला, आणि माझ्या मते तो जास्त मोठा. २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, म्हणजे उन्हाळाभर, बिअर करायलाच बंदी. उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडायची. आता कल्पना करा: दर वर्षी फक्त थंडीत बिअर करायची, आणि दर वेळी मागच्या पिंपाच्या तळातलं यीस्ट पुढच्या पिंपात टाकायचं. जे यीस्ट गारठ्यातही काम करेल तेच टिकणार, बाकीचं मागे पडणार. कुणी ठरवून निवडलं नाही. नियम पाळता पाळता निवड होत गेली.

यातून जे यीस्ट वर आलं ते लागर बिअरचं. हे आठ-दहा अंशातही आरामात काम करतं आणि शेवटी तळाशी बसतं. इंग्लंड-बेल्जियमकडचं जुनं एल यीस्ट वीसच्या आसपास काम करतं आणि वर फेसात गोळा होतं, म्हणून ते वरून काढतात. आज जनुकं तपासून कळलंय की लागर यीस्ट हा संकर आहे. अर्धा बाप नेहमीचा, पाव आणि एल करणारा. दुसरा अर्धा कोण याचा पत्ता लागत नव्हता. २०११ साली तो सापडला तो थेट अर्जेंटिनात, पॅटागोनियाच्या जंगलात, बीच जातीच्या झाडांवरच्या गाठींमधे. मग तिबेटमधे सापडला, आणि २०२२ साली आयर्लंडमधे. डब्लिनच्या विद्यापीठाच्या आवारातली माती तपासली तर त्यात. जर्मन लोकांचं राष्ट्रीय पेय, आणि त्याचे पूर्वज असे रानोमाळ!

२०१६ साली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी दीडशेहून जास्त यीस्टच्या वाणांची जनुकं वाचली. त्यांना दिसलं की बिअरची यीस्टं खऱ्या अर्थाने पाळीव झालेली आहेत, कुत्र्यामांजरासारखी. रानटी यीस्टमुळे बिअरला लवंगेसारखा, औषधी वास येतो. बहुतेक बिअर यीस्टमधे तो वास तयार करणारी जनुकं मोडून पडलेली आहेत. माल्टमधली जी साखर रानटी यीस्टला पचत नाही ती यांना पचते. आणि यातली बरीच यीस्टं लैंगिक पुनरुत्पादन जवळजवळ विसरलीत. गरजच काय? आयतं गोड पाणी, आयती ऊब, आणि एक पिंप संपलं की दुसरं. ही पाळीव होण्याची सुरुवात त्यांनी सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे आणि सतराव्याच्या सुरुवातीला धरलीय, म्हणजे सूक्ष्मजीव हा शब्दही कुणाला माहीत नव्हता तेव्हा. वाईनच्या यीस्टमधे पाळीवपणाच्या या खुणा इतक्या ठळक दिसत नाहीत. कारण उघड आहे. द्राक्षं वर्षातून एकदाच येतात, मधल्या काळात यीस्टला परत बाहेरच्या जगात जगावं लागतं. बिअरचं पिंप वर्षात कित्येकदा भरतं. म्हणजे साका जपून परत वापरायची साधी काटकसरी सवय, तिनेच हा प्राणी घडवला. (प्राणी नाही, बुरशी. जीवशास्त्रवाल्यांनी मेल पाठवू नयेत.)

मी हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते जर्मनीत. दोन वर्षं तिकडे कामाला होते. टीममधला एक जण घरी बिअर करायचा आणि त्याच्या फ्रिजच्या दारात लोणच्याच्या असाव्यात तशा बरण्या रांगेने ठेवलेल्या असत. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि एक आकडा. तो आकडा म्हणजे पिढी. कृती सोपी आहे. बिअर वरून काढून घेतली की तळाशी जाड थर राहतो. त्यात यीस्ट असतं, पण हॉप्सचा चोथा आणि मेलेल्या पेशीही असतात. त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं, ढवळायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. जड कचरा आधी खाली बसतो, वर दुधाळ पाणी राहतं. ते दुसऱ्या, उकळून घेतलेल्या बरणीत हलकेच ओतून घ्यायचं. फ्रिजमधे ठेवलं की एका रात्रीत तळाला साय जमावी तसा पांढरट थर दिसतो. तेच पुढच्या खेपेचं यीस्ट. एक-दोन आठवड्यांत वापरलेलं बरं. पाच-दहा पिढ्या झाल्या की तो सगळं टाकून नवं आणायचा. का, असं विचारलं तर म्हणाला, सोबत कोण कोण चढलंय ते डोळ्यांना दिसत नाही ना.

(जाता जाता: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही. हा भाग इतिहासाचा आहे, प्रात्यक्षिकाचा नाही.)

'सोबत कोण चढलंय ते दिसत नाही' या एका अडचणीवर पुढची सगळी गोष्ट फिरते. साका जपायचा म्हणजे चांगलं जपायचं तसं वाईटही जपायचं. दर पिंपाबरोबर थोडे जिवाणू, थोडी रानटी यीस्टं त्यात शिरतात आणि मुक्काम ठोकतात. कोडमधे कुणीतरी एकदा केलेली चूक पुढच्या प्रत्येक आवृत्तीत कॉपी होत जाते ना, तसं. मग एक दिवस बिअर आंबट लागते, आणि कारण शोधायला जावं तर मूळ प्रतच हाताशी नसते.

यीस्ट सजीव आहे हे १८३७ च्या सुमारास तिघांनी वेगवेगळं सांगितलं. फ्रान्समधे कान्यार-लातूर, जर्मनीत श्वान आणि क्युट्झिंग. तेव्हाच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना ते अजिबात पटलं नाही. लीबिग आणि व्होलर या दोघांनी १८३९ साली आपल्याच संशोधनपत्रिकेत एक निनावी टवाळी छापली. त्यात यीस्ट म्हणजे सूक्ष्म जनावरं आहेत, ती तोंडाने साखर खातात, मागून अल्कोहोल सोडतात, पुढून कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि त्यांचं मूत्राशय भरलं की शॅम्पेनच्या बाटलीसारखं दिसतं, असं सविस्तर वर्णन आहे. गंमत म्हणजे ढोबळमानाने ते बरोबरच निघालं.

पुढे पाश्चर आला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवलं. देशभक्त पाश्चर चिडला, आणि जर्मनांना निदान बिअरमधे तरी हरवायचं म्हणून बिअरचा अभ्यास करायला बसला. आपल्या बिअरला त्याने सूडाची बिअर असं नावही दिलं. सप्टेंबर १८७१ मधे तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला. त्यांचं यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि सांगितलं, यात नको ते बरंच आहे. व्यवस्थापक आधी घुटमळले, मग बिघडलेल्या पिंपांची कबुली दिली. आठवड्याभराने तो परत गेला तेव्हा त्यांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत आणला होता. १८७६ साली त्याचं बिअरवरचं पुस्तक आलं. पाश्चरचा भर जिवाणूंवर होता. जिवाणू घालवा, यीस्ट आपोआप चांगलं निघेल.

आता परत कोपनहेगनला. याकोबसेनचं म्युनिकचं विरजण एव्हाना तीसेक वर्षं पिंपामागून पिंप चाललं होतं. पैसा भरपूर झाला होता. १८७५ साली त्याने ब्रुअरीच्या आवारात प्रयोगशाळा काढली आणि तिच्या उद्देशातच लिहून ठेवलं की इथे लागलेले शोध लपवून ठेवायचे नाहीत. तिथे आला एमिल क्रिस्टियान हान्सेन. रीबे नावाच्या छोट्या गावातला, गरीब घरचा. तरुणपणी घरं रंगवायची कामं केलेला. या माणसाने पाश्चरच्या पुढचा प्रश्न विचारला. जिवाणू नाहीत असं समजू, पण जे यीस्ट दिसतंय ते सगळं एकाच प्रकारचं कशावरून?

त्याने काय केलं ते मला फार आवडतं, कारण ते शुद्ध इंजिनिअरिंग आहे. यीस्टचं पाणी इतकं पातळ करत न्यायचं की सरासरीने दोन थेंबांत एखादीच पेशी यावी. मग गोड द्रावणाच्या अनेक चंबूंमधे एकेक थेंब टाकायचा. चंबू जोरात हलवून शांत ठेवायचे. काही दिवसांनी ज्या चंबूच्या तळाशी एकच पांढरा ठिपका उमटला असेल त्यात एकाच पेशीचं कुटुंब आहे असं मानायचं. दोन ठिपके दिसले की तो चंबू बाद. ना महागडी यंत्रं, ना काही. मोजणी आणि धीर.

१८८३ साली कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली तेव्हा हान्सेनला ब्रुअरीच्या यीस्टमधे चार वेगवेगळी यीस्टं सापडली. त्यातलं एकच चांगली बिअर करत होतं. बाकीचे पाहुणे. याकोबसेन आधी तयार नव्हता. जन्मभर जपलेलं विरजण टाकून एका पेशीच्या पिलावळीवर सगळा धंदा लावायचा, कुणीही दचकेल. पण हान्सेनने नोव्हेंबर १८८३ मधे ते एकच यीस्ट वाढवून मोठ्या पिंपात वापरलं आणि बिअर उत्तम झाली. त्या यीस्टचं नाव ठेवलं 'तळाचं यीस्ट क्रमांक १'. याकोबसेनचं मन पालटलं. आणि इथे त्याने ते केलं ज्यासाठी मी हा भाग करतेय: यीस्ट स्वतःजवळ दाबून ठेवलं नाही. पद्धत छापून जाहीर केली आणि मागणाऱ्या ब्रुअऱ्यांना, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना, यीस्ट पाठवून दिलं.

याला मोठेपणा म्हणावं का? हो, म्हणावं. पण यामागे एक जुनी उधारी आहे असंही मला वाटतं. म्युनिकच्या श्पाटेनचा मालक गाब्रिएल झेडलमायर, ज्याच्याकडून याकोबसेनने ते डबे आणले, तो स्वतः तरुणपणी काय उद्योग करून आला होता माहितीये? १८३३ साली तो आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर ब्रिटनभर ब्रुअऱ्या बघत हिंडले. हातात छडी. छडी आतून पोकळ, खाली झडप. यजमानाचं लक्ष नसताना पिंपात छडी बुडवायची, आणि मुक्कामावर जाऊन ते द्रावण तपासायचं. सरळ हेरगिरी! त्याच झेडलमायरने पुढे डेन्मार्कहून आलेल्या मुलाला शिकवलं आणि डबे भरून दिले. म्हणजे या धंद्यात प्रत्येकाने कुणाकडून तरी घेतलेलंच आहे, कधी मागून, कधी छडीने.

२०१३ साली कार्ल्सबर्गच्या जुन्या तळघरात त्या काळातल्या बाटल्या सापडल्या. त्यातल्या एकीत यीस्टच्या जिवंत पेशी होत्या, आणि त्यातून वाढवलेल्या यीस्टने २०१६ मधे जुन्या पद्धतीची बिअर केली गेली. प्रसिद्धीचा कार्यक्रमही होता तो, मान्य. तरी बाटलीत एवढी वर्षं कुणी तग धरून बसतं हे ऐकून मी जरा वेळ गप्पच बसले होते.

आता जास्तीच्या साक्याची एक वेगळी वाट, जी आपल्या मुंबईत येते. इंग्लंडमधे बर्टन गावात बास ब्रुअरीकडे यीस्टचे डोंगर उरायचे. यीस्टचा अर्क काढून तो खाता येतो ही कल्पना लीबिगची. हो, तोच टवाळी करणारा. १९०२ साली बर्टनमधे त्यावर कारखाना निघाला आणि मार्माइट बाजारात आलं. काळं, चिकट, खारट, आपल्यातल्या बहुतेकांना न आवडणारं. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः गरीब घरच्या आणि गिरणीकामगार बायकांना, एक विचित्र रक्तक्षय होत होता, बऱ्याच जणी दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेतून तिने त्याचा माग काढायला सुरुवात केली. जंतू सापडेना. मग तिने आहार बघितला. प्रयोगातल्या प्राण्यांना मार्माइट दिल्यावर ते सुधारले, मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो गुणकारी घटक पुढे पालकातून वेगळा काढला गेला आणि त्याला नाव मिळालं फॉलिक ॲसिड. आज आपल्याकडे गरोदर बाईला पहिल्या तपासणीत ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांची मुळं अशी बर्टनच्या पिंपाच्या तळाशी आणि परळमधे आहेत. मुंबईच्या इतिहासावरच्या गप्पांत लूसी विल्स फारशी येत नाही, यायला हवी.

बरं, हान्सेनच्या एका पेशीने सगळ्यांचं भलं झालं का? इंग्लंडमधे गडबड झाली. तिथल्या मुरवत ठेवायच्या बिअरसाठी एकाच शुद्ध वाणाचं यीस्ट वापरून पाहिलं तर बिअर नीट, पण ती जुनी चव येईना. कोडं सुटलं १९०४ साली, आणि तेही कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत. क्लाउसेन नावाच्या संशोधकाला कळलं की ती चव दुसरंच एक संथ यीस्ट महिनोनमहिने मागून देत होतं. त्याने त्याला नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. ज्याला पाहुणा समजून हाकललं तो इंग्लंडमधे घरचा माणूस होता.

आणि जिथे ब्रुअरी नव्हतीच, घरोघरी बिअर व्हायची, तिथे आणखी वेगळं घडलं. पश्चिम नॉर्वेत शेतकरी स्वतःच्या बार्लीची बिअर करत. मध्ययुगातल्या तिथल्या गुलाटिंग कायद्याने तर सणाला बिअर करणं बंधनकारक होतं. न करणाऱ्याला दंड, आणि तीन वर्षं टाळलं तर जमीनजुमला जप्त. त्यांच्याकडे यीस्टला शब्द आहे क्वाइक. याच शब्दाच्या कुळात आग पेटवणं, चेतवणं असे अर्थ येतात. वर्षातून दोन-चारदाच बिअर व्हायची, फ्रिज नव्हते, मग साका वाळवून ठेवायचा. कुणी गवताच्या कड्यावर, कुणी भोकं पाडलेल्या ओंडक्यावर, कुणी लाकडाचे बारीक तुकडे साखळीसारखे गुंफून केलेल्या कड्यावर. कडं साक्यात बुडवायचं आणि वाळत टांगायचं. पुढच्या वेळी तेच कडं गोड पाण्यात सोडायचं. काही गावांत यीस्ट घालताना मोठ्याने ओरडायची पद्धत होती, म्हणजे बिअर जोरदार होते! आणि आपलं यीस्ट बिघडलं तर सरळ शेजाऱ्याकडे जायचं. तोही आधी कधीतरी आपल्याकडून घेऊन गेलेला असायचा.

मग दुकानात पावाचं यीस्ट मिळू लागलं. स्वस्त, भरवशाचं. एकेक घर जुनं कडं वाळवायचं सोडत गेलं. त्यात कुणाचा दोष नाही, मीही दुकानातूनच आणलं असतं. पण शेजारपाजारच्या दहा घरांपैकी नऊ घरांनी सोडलं की दहाव्याचा बॅकअपही गेला. तिथून पुढे एक वाईट उन्हाळा पुरतो. विसाव्या शतकात नॉर्वेच्या कितीतरी खोऱ्यांतून क्वाइक असं गुपचूप संपलं.

जे उरलं ते बाहेर आणलं लार्श मारिउस गारशोल याने. तो पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर (इथे मी कॉलर ताठ करून घेते). शेतांवर जाऊन, बिअर होत असताना शेजारी उभं राहून त्याने नोंदी केल्या. व्हॉस भागातल्या सिगमुंड येर्नेस यांच्या घरचं यीस्ट तर ते जवळजवळ ४० अंशांना, आपल्याला ताप आल्यावर असतं तितक्या गरम पाण्यात, घालत. पुस्तकी नियमाने या तापमानाला बिअरची चव वाया जायला हवी. यांची छान होत होती, आणि तीही झटपट. नमुने तपासायला पाठवले गेले ते ब्रिटनच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहात. हा संग्रह आहे नॉर्विचमधे. तेच ते, देवाची कृपा म्हणून यीस्ट वाटणारं शहर.

२०१८ मधे प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की क्वाइक हा पाळीव यीस्टचा एक स्वतंत्र गट आहे, आणि बहुतेक घरांच्या क्वाइकमधे एक नाही, अनेक वाण एकत्र नांदतात. आज जगभर व्हॉस क्वाइक नावाची पाकिटं विकत मिळतात. त्यातल्या अनेक पाकिटांत त्या कळपातून वेचलेलं एकच यीस्ट असतं. हान्सेनची पद्धत, दुसरं काय. बिअर चांगलीच होते त्याने. पण पाकीट घेणाऱ्याला वाटतं आपण येर्नेस यांच्या घरचं विरजण आणलं, तर तसं ते नसतं. कळपातला एक आणला, बाकीचे तिथेच राहिले. शिवाय पाकिटाच्या किमतीतलं त्या खोऱ्यातल्या घरांकडे काय जातं, हा प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं. त्या घरांनी कुणाकडे पैसे मागितले नव्हते. मागायची रीतच नव्हती. पण फुकट देणारा आणि ते विकणारा हे एकाच पंगतीतले शेजारी असतात तेव्हाच ही रीत चालते, कारण उद्या देणाऱ्याचं नासलं तर तो विकणाऱ्याच्या दारात जाऊ शकतो.

नॉर्वेत काही घरांत अजूनही अख्खा कळप आहे. शेतावर वाळवून ठेवलेला, फ्रीझरमधे बरणीत ठेवलेला, आणि शेजाऱ्याच्या फ्रीझरमधेही.

पुढच्या भागात गोव्याला जाऊ. तिथे पोर्तुगीजांना पाव हवा होता आणि यीस्ट मिळेना, मग त्यांनी माडीने पीठ कसं फुगवलं त्याची गोष्ट. भेटू.